रद्दीपासून चित्रवही : कच्चा माल, घडण आणि टिकाऊपणा
(पुसद परिसराच्या संदर्भात)

१. विषयाची व्याप्ती

चित्रवही म्हणजे केवळ चित्रे काढण्याची वही नव्हे. शाळकरी चित्रकलेच्या वहीत कोरी पाने विकत मिळतात व त्यांवर चित्र काढले की तिचे कार्य संपते. चित्रवहीत मात्र रेखाटन, टिपण, डकवलेले कापड, झाडाचे पान, जुन्या पत्राचा तुकडा, एखादी लग्नपत्रिका असे नाना प्रकारचे साहित्य एकत्र येते. दिवसेंदिवस भरत गेलेली अशी वही तिच्या कर्त्याच्या पाहण्याची आणि विचारांची नोंद बनते. अलीकडे अनेक ठिकाणी, विशेषतः शाळा-महाविद्यालयांतून, अशा वह्या टाकाऊ वस्तूंपासून हाताने घडवण्याची आवड वाढली आहे. या आवडीमागे काटकसर आहे, निसर्गाविषयीची जाणीव आहे आणि स्वतःच्या हाताने वस्तु घडवण्याचा आनंदही आहे.

तथापि या उद्योगाचा विचार बहुधा सजावटीच्या अंगानेच होतो. प्रस्तुत लेखात दोन वेगळ्या प्रश्नांचा परामर्श घ्यावयाचा आहे. पहिला प्रश्न असा की, ज्या टाकाऊ मालापासून वही घडते त्याचा तिच्या आयुष्यावर कोणता परिणाम होतो? आणि दुसरा असा की, ज्याला आपण रद्दी म्हणतो ती खरोखर रद्दी आहे किंवा नाही हे ठरवावयाचे कोणी व कसे? पहिला प्रश्न रसायनाचा व कारागिरीचा आहे, दुसरा इतिहासाचा आहे. चित्रवही घडवणाऱ्यास दोहोंचे भान हवे.

विवेचनासाठी पुसद आणि त्याचा परिसर समोर ठेवला आहे. पूस नदीच्या काठी वसलेले हे गाव यवतमाळ जिल्ह्यातील एक जुने व्यापारी ठाणे होय. १९०५ साली वाशीम जिल्हा मोडला गेला, तेव्हा पुसद तालुका यवतमाळ जिल्ह्यास जोडण्यात आला. काळी जमीन, कापसाची शेती, जिनिंगचे कारखाने, दक्षिणेस पैनगंगेचे खोरे, सभोवार सागवान व पळसाची राने आणि गोर बंजारा समाजाचे तांडे ही या मुलखाची ओळख आहे. हातकागदाचा सर्वोत्तम कच्चा माल म्हणजे कापसाचा तंतु. आणि तो तर येथील शेतात पिकतो. या दृष्टीने पुसदचे उदाहरण सोयीचे आहे.

२. पूर्वपीठिका

टाकाऊ मालापासून कागद करणे ही कल्पना नवी नाही. महाराष्ट्रातील हातकागदाचा सारा इतिहासच टाकाऊ मालाचा आहे. जुन्नर आणि दौलताबाद ही दख्खनमधील कागदाची नामांकित केंद्रे होती. मराठी दफ्तरांतून जुन्नरी व दौलताबादी कागदाचे उल्लेख येतात. दौलताबादजवळील कागजीपुरा या गावाच्या नावातच त्याचा धंदा गोवला गेला आहे. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादेस हलवली, त्या वेळी कागदी लोक तेथे आले अशी परंपरा सांगितली जाते.

हे कागदी झाड तोडून कागद करीत नसत. जुने गोणपाट, झिजलेले दोरखंड, चिंध्या आणि वापरलेला कागद हा त्यांचा कच्चा माल होता. तो चुन्याच्या पाण्यात मुरवावयाचा, ढेंकीने कुटावयाचा, नदीच्या वाहत्या पाण्यात धुवावयाचा, हौदात ढवळून गवताच्या काड्यांच्या चटईवर उचलावयाचा, भिंतीवर वाळवावयाचा, खळ लावावयाची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटावयाचा असा त्यांचा क्रम असे. पेशवाईचा कारभार ज्या कागदांवर चालला त्यांपैकी पुष्कळ कागद अशा टाकाऊ ताग-चिंध्यांचे होते, आणि दोन-अडीचशे वर्षांनंतरही ते हाताळता येतात. याउलट पन्नास वर्षांपूर्वीचे वर्तमानपत्र घडीवर तुटते. हा फरक का पडतो याचे उत्तर पुढे दिले आहे.

यंत्राचा स्वस्त कागद आल्यावर कागद्यांचा धंदा बसला. त्याच्या पुनरुज्जीवनाचा एक महत्त्वाचा प्रयत्न विदर्भातच झाला. १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली व वर्ध्याची मगनवाडी हे त्याचे केंद्र ठरले. जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली तेथे तेलघाणी, मधमाशापालन इत्यादींबरोबर हातकागदाचेही प्रयोग झाले. या कामातील प्रमुख तज्ज्ञ के. बी. जोशी यांनी पुढे १९४० मध्ये पुण्यास हातकागद संस्था उभी केली. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेतून मूलोद्योगी शिक्षणाची योजना निघाली. झाकिर हुसेन समितीने आखलेल्या त्या योजनेच्या अभ्यासक्रमात कताई-विणाई व शेती यांच्या जोडीला पुठ्ठाकामालाही स्थान होते. स्वतः गांधीजी आलेल्या पत्रांच्या कोऱ्या पाठी व उलगडलेली पाकिटे लिहिण्यासाठी वापरीत, हे सर्वश्रुत आहे.

वहीच्या रूपाचीही आपल्याकडे स्वतंत्र परंपरा आहे. अभंग, पदे, आरत्या, औषधे, हिशेब असे मिळेल ते एकत्र उतरून घेतलेली, शिवलेली लांबट बाडे जुन्या घरांतून आढळतात. बाड हे एकाच ग्रंथाचे नसते. ज्याने ते लिहिले त्याच्या आवडीनिवडीचे व गरजांचे ते असते. या अर्थाने आजच्या चित्रवहीचे ते जवळचे आप्त होय. चित्रांच्या बाजूने पाहिले तर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी पोथी उल्लेखनीय आहे. तिची पाने सुटी असतात, आणि दोन चित्रे पाठीस पाठ लावून चिकटवल्यामुळे पानाच्या दोन्ही बाजूंना चित्र दिसते. पातळ कागद जाड व ताठ करण्याची ही युक्ती चित्रवही घडवणाऱ्यास आजही उपयोगी आहे.

३. कच्च्या मालाची निवड

कागद म्हणजे पाण्यात मोकळे झालेले वनस्पतितंतु पुन्हा एकमेकांत गुंतून बनलेला पातळ थर. हे तंतु मुख्यतः सेल्युलोज या द्रव्याचे असतात. तंतु ओले असताना कुटले म्हणजे त्यांचा पृष्ठभाग फाटून सूक्ष्म केस मोकळे होतात. वाळताना पाणी निघून जाते व शेजारचे तंतु हायड्रोजनच्या बंधांनी परस्परांस धरतात. कागदास बळकटी येते ती या बंधांमुळे. त्यासाठी निराळा गोंद लागत नाही. हीच गोष्ट उलट दिशेने केली, म्हणजे वाळलेला कागद भिजवून घुसळला, की बंध सुटतात व पुन्हा लगदा मिळतो. रद्दीपासून कागद होतो तो या गुणधर्मामुळे. मात्र प्रत्येक खेपेस तंतु थोडे तुटतात व थोडे कडक होतात. साधारणतः पाच ते सात खेपांनंतर ते कागद धरण्यास निरुपयोगी ठरतात. म्हणून जुन्या कागदात लांब व ताज्या तंतूंची भर घालणे हितावह असते.

घरोघरी मिळणारी रद्दी पुढील प्रकारे निवडावी.

(अ) उत्तम : कचेऱ्यांतील एका बाजूने वापरलेले पांढरे कागद, वह्यांची कोरी वा पेन्सिलीने लिहिलेली पाने, जुनी रेखाटने. यांतील लगदा रासायनिक क्रियेने शुद्ध केलेला असल्याने त्यात लिग्निन हे लाकडातील द्रव्य जवळजवळ नसते.

(आ) मध्यम : तपकिरी पिशव्या, पुठ्ठ्याची खोकी, जाड पाकिटे. यांचे तंतु लांब व मजबूत असतात, परंतु रंग गडद असतो. पुठ्ठ्यासाठी व अस्तरासाठी हे योग्य.

(इ) त्याज्य : वर्तमानपत्र. ते लाकूड नुसते दळून केलेल्या लगद्याचे असते. त्यातील लिग्निन उजेडाने पिवळे पडते व आम्ल निर्माण करते. वर्तमानपत्रावर सराव करावा, पण जी वही जपून ठेवावयाची तिच्या पानांत ते घालू नये. प्लास्टिकचा थर असलेले चकचकीत कागद, दुकानांच्या यंत्रांतून निघणाऱ्या उष्णतेने छापलेल्या पावत्या व सोनेरी-रुपेरी वर्ख लावलेल्या लग्नपत्रिका यांचा लगदा करू नये. लग्नपत्रिकांचा जाड भाग कापून पानावर डकवण्यास वापरता येतो.

आता कापसाचा विचार. कापसाच्या रुईत सेल्युलोजचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक असते व लिग्निन मुळीच नसते. म्हणून सुती चिंध्यांचा कागद शतकानुशतके टिकतो. पुसदसारख्या गावी शिंप्यांच्या दुकानांतील कातरण सहज मिळू शकते. परंतु येथे दोन अडचणी आहेत. पहिली अशी की, आजच्या पुष्कळ कपड्यांत पॉलिएस्टरची भेसळ असते. तिची पारख सोपी आहे : धागा पेटवून पाहावा. सूत कागदासारखा वास देत जळते व मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी बनतो. दुसरी अडचण तंतूंच्या लांबीची आहे. रुईचा तंतु पंचवीस-तीस मिलिमीटर लांब असतो, तर कागदास काही थोड्या मिलिमीटरांचा तंतु पुरतो. लांब तंतु पाण्यात गुठळ्या करतात. म्हणून चिंध्या बोटाच्या पेराएवढ्या कातरून, चुन्याच्या पाण्यात कित्येक दिवस मुरवून, नंतर उखळात कुटाव्या लागतात. घरगुती मिक्सरमध्ये चिंध्या घातल्यास पात्यांस गुंडाळल्या जातात व यंत्र बिघडते. कारखान्यांतून यासाठी बीटर नावाचे यंत्र असते. सरकीवर शिल्लक राहणारे आखूड तंतु मिळाल्यास ते आधीच योग्य लांबीचे असल्याने अधिक सोयीचे. घरगुती प्रयोगात चार भाग कागदास एक भाग कुटलेले सूत हे प्रमाण झेपण्याजोगे आहे.

४. लगदा आणि पत्रे

किती रद्दी लागेल याचा हिशेब आधी करावा. पंधरा सेंटिमीटर रुंद व एकवीस सेंटिमीटर उंच अशी चाळीस पानांची वही करावयाची असल्यास एकवीस × तीस सेंटिमीटरचे वीस पत्रे मधोमध दुमडावे लागतात. रंग पेलण्याइतका जाड, म्हणजे चौरस मीटरला दीडशे ग्रॅम वजनाचा, कागद धरला तर एका पत्र्याचे वजन साडेनऊ ग्रॅमच्या आसपास येते. वीस पत्र्यांचे सुमारे १९० ग्रॅम झाले. फुकट जाणारा माल धरून पाव किलो कोरडी रद्दी घ्यावी. कचेरीतील नेहमीच्या कागदाचा एक ताव पाच ग्रॅमचा असतो; तेव्हा असे पन्नास ताव एका वहीस पुरतात.

कागदाचे बारीक तुकडे करावेत. टाचण्या, पिना व चिकटपट्ट्या काढून टाकाव्यात. तुकडे एक दिवस व एक रात्र पाण्यात भिजू द्यावेत. नंतर उखळात कुटावेत किंवा भरपूर पाण्यासह मिक्सरमध्ये थोडे थोडे घुसळावेत. जास्त घुसळले की तंतु तुटतात. तुकड्यांवरील अक्षरे नाहीशी झाली की थांबणे इष्ट. चमचाभर लगदा काचेच्या पेल्यातील पाण्यात ढवळून उजेडापुढे धरावा. ढगासारखा एकसारखा पसरला तर तयार झाला. गुठळ्या दिसल्या तर आणखी कुटावा.

साचा म्हणजे दोन सारख्या लाकडी चौकटी. एकीवर बारीक जाळी ताणून बसवलेली असते, दुसरी मोकळी असून पहिलीवर ठेवावयाची असते. जुन्या फोटोच्या चौकटी व मच्छरदाणीची जाळी यासाठी पुरतात. रुंद टबात, लगदा शेकडा एक किंवा त्याहून कमी भरेल इतके पाणी घ्यावे. दोन्ही चौकटी घट्ट धरून तिरप्या पाण्यात घालाव्यात, आडव्या करून सरळ वर उचलाव्यात आणि पाणी निथळत असताना डावी-उजवीकडे व पुढे-मागे हलके हालवाव्यात. या हालवण्याने तंतु सर्व दिशांना गुंततात. यंत्राच्या कागदात तंतु बहुतांशी एकाच दिशेस लागलेले असतात, म्हणून तो एका दिशेने सहज दुमडतो व दुसऱ्या दिशेने तडकतो. हातकागदात हा भेद फारसा नसतो.

वरची चौकट काढून साचा ओल्या सुती कापडावर पालथा घालावा व एका कडेने उचलावा. पत्रा कापडावर राहतो. त्यावर दुसरे कापड, मग दुसरा पत्रा अशी चळत करून फळ्यांमध्ये दाबावी. दाबल्याने पाणी तर जातेच, शिवाय तंतु जवळ येऊन कागद बळकट होतो. पत्रे सावलीत वाळवावेत. वैशाखातील वऱ्हाडी उन्हात पत्रा घटकाभरात वाळतो खरा, पण त्याच्या कडा वळतात व तो पन्हाळीसारखा होतो. पावसाळ्यात उलट भय बुरशीचे असते. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळ या कामास उत्तम.

नुसता वाळलेला कागद टीपकागदासारखा शाई शोषून घेतो. तो लिहिण्याजोगा करण्यासाठी खळ द्यावी लागते. गव्हाच्या सत्त्वाची किंवा तांदळाच्या पेजेची पातळ खळ दोन्ही बाजूंना लावून पुन्हा वाळवावे व गुळगुळीत गोट्याने किंवा मोठ्या कवडीने घोटावे. घोंगडीस लावतात ती चिंचोक्याची खळही चालते. तिने कागदास किंचित तांबूस छटा येते.

५. आम्लता व तिचा प्रतिकार

जुन्नरी कागद टिकला आणि वर्तमानपत्र का टिकले नाही? कारण मुख्यतः आम्लतेचे आहे. १८०७ मध्ये जर्मनीत इलिग याने राळ व तुरटी लगद्यातच मिसळून कागदास खळ देण्याची रीत प्रसिद्ध केली. यंत्रांस ती सोयीची पडली व जगभर पसरली. परंतु तुरटीमुळे कागदात आम्ल तयार होते, आणि आम्ल सेल्युलोजच्या साखळ्या हळूहळू तोडते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकात दीर्घकाळ छापलेली असंख्य पुस्तके यामुळे ठिसूळ झाली. कागद्यांच्या रीतीत मात्र माल चुन्यात मुरवला जाई. चुन्याचा अंश कागदात राही व हवेशी संयोग होऊन त्याचे कॅल्शियम कार्बोनेट बने. कोठून आम्ल आले तरी हा अंश त्याला मारून टाकी. कागद्यांना यातील रसायन ठाऊक नव्हते, पण रीत अचूक होती.

घरगुती कामात हीच रीत अवलंबता येते. खाण्याचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवावा व वरची निवळी काढून घ्यावी. लिटरभर पाण्यात सुमारे दीड ग्रॅमच चुना विरघळतो, म्हणून निवळी फार तीव्र होत नाही. तरीही ती डोळ्यांत जाऊ देऊ नये व लहान मुलांकडून हे काम करवू नये. लगदा शेवटच्या धुण्यानंतर या निवळीत थोडा वेळ ठेवून टबात घालावा. फळ्यावरचे खडू कुटून घालण्याचा सल्ला कधी कधी दिला जातो, तो बरोबर नाही. पुष्कळ खडू जिप्समचे असतात. त्यांत आम्ल मारण्याची शक्ति नसते.

परीक्षेसाठी प्रयोगशाळा नसली तरी चालते. जास्वंदीच्या पाकळ्यांचा रस आम्लात तांबडा व अल्कात हिरवट होतो. डिस्टिल्ड पाण्याच्या काही थेंबांत कागदाचा तुकडा मुरवून ते पाणी या रसात टाकून पाहावे. हळद उलट बाजूची मर्यादा दाखवते. ओल्या कागदावर हळद लावली असता ती तांबडी झाली, तर चुना अधिक झाला असे समजून लगदा पुन्हा धुवावा.

६. बांधणी

पत्रे तयार झाल्यावर चार चार पत्रे एकत्र मधोमध दुमडून त्यांचे जुज करावेत. वीस पत्र्यांचे पाच जुज होतात. पुठ्ठाकामात ज्याला जुजबंदी म्हणतात त्या रीतीने, म्हणजे घडीच्या आतून बाहेर व बाहेरून आत दोरा नेत, हे जुज एकमेकांस शिवावेत. घडीवर सारख्या अंतराने पाच भोके दाभणाने आधी पाडून घ्यावीत. सुईने नवे भोक पाडत गेल्यास कागद फाटतो. दोरा सुती किंवा तागाचा असावा व मेणावर ओढून घ्यावा. नायलॉनचा दोरा बळकट असला तरी तो कागदास कापतो. दोरा कागदापेक्षा मजबूत असू नये, हा जुन्या बांधणीकारांचा नियम येथे आठवावा. शिवण तुटली तर पुन्हा शिवता येते, घडी फाटली तर पान गेले.

चित्रवहीची एक विशेष अडचण असते. पानांवर कापड, पाने, कागद डकवत गेल्याने ती पुढच्या बाजूने फुगते व पाठीचे टाके ताणले जातात. यासाठी प्रत्येक दोन जुजांमध्ये बोटभर रुंदीची दुमडलेली पुठ्ठ्याची पट्टी शिवून टाकावी. पाठीस त्यामुळे आधीच जाडी येते व वही भरली तरी ती सपाट बसते.

मुखपृष्ठासाठी खोक्याचा नालीदार पुठ्ठा एकेरी वापरू नये. दोन थर आडवे-उभे चिकटवून दाबावेत. वरून जुन्या सुती लुगड्याचा किंवा खादीचा तुकडा लावावा. वऱ्हाडातील घरोघरी जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवण्याची रीत आहे, तसेच बंजारा स्त्रियांच्या हाती तुकड्यांवर टाके व आरसे जडवण्याचे कौशल्य आहे. वाकळीचा धावता टाका आणि जुजबंदीचा टाका यांत तत्त्वतः अंतर नाही. दोन्हींत थर एकत्र धरणे हाच हेतु असतो. आरसे मात्र मुखपृष्ठाच्या दर्शनी भागावर लावू नयेत. वह्या एकमेकींवर ठेवल्या की ते शेजारच्या वहीस ओरखडतात.

चिकटवण्यासाठी गव्हाच्या पिठाची खळ वापरावी. ती पाण्याने सुटते, म्हणून पुढे दुरुस्ती शक्य होते. बांधणीकार कीड लागू नये यासाठी खळीत मोरचूद घालीत. मोरचूद विषारी आहे. शिवाय त्यातील तांबे कालांतराने सेल्युलोजच्या झिजेस मदत करते. चित्रवहीस तो वापरू नये. वेखंडाची पुरचुंडी किंवा वाळलेला कडुलिंबाचा पाला वहीजवळ ठेवण्याची जुनी रीत निर्धोक आहे. खरा उपाय कोरडेपणा व वरचेवर हाताळणी हाच होय.

७. रंग व डकवण

टिकाऊ रंगांची निवड परिसरातूनच होऊ शकते. काव म्हणजे लोहाची माती. ती उजेडाने फिकी पडत नाही. काजळी व कोळसा हेही तसेच टिकाऊ. बाभळीच्या किंवा धावड्याच्या डिंकात ते खलून घेतले की रंग तयार होतो. काजळ व डिंक यांची शाई तर आपल्या पोथ्यांची शाई आहे. याउलट हळद व पळसाच्या फुलांचा रंग ताजेपणी मोहक असला तरी उजेडात लवकर उडतो. तो वापरण्यास हरकत नाही, मात्र तो उडणार हे जाणून वापरावा. हिरडा व हिराकस यांची काळी शाई पुढे कागद खाते, ती टाळावी.

झाडाची पाने डकवण्यापूर्वी रद्दीच्या थरांत दाबून पूर्ण वाळवावीत, नाही तर ओलीमुळे बुरशी येते. छायाचित्रे डकवावयाची असल्यास त्यांच्या समोरच्या पानावर वर्तमानपत्राचा तुकडा नसावा. एकाचे आम्ल दुसऱ्यात उतरते.

८. रद्दीची पारख

आतापर्यंत रद्दी हा शब्द निःशंकपणे वापरला. पण हा शब्द वाटतो तितका निरुपद्रवी नाही. एकदा भिजवून कुटलेला कागद परत मिळत नाही. चित्रवहीच्या छंदासाठी जुने कागद शोधण्यास निघालेला मनुष्य माळ्यावरील पेटीपर्यंत पोचतो. पेटीत असते ते सारेच निरुपयोगी नसते.

मराठी इतिहासाची साधने कशी नष्ट झाली याच्या हकीकती वि. का. राजवाडे यांनी ठिकठिकाणी नोंदवल्या आहेत. गावोगाव हिंडून त्यांनी जमवलेल्या कागदांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, आणि १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. त्यांना जे मिळाले त्याहून किती तरी अधिक वाळवीने, पावसाने आणि वाण्याच्या पुड्यांनी नेले होते. यवतमाळ जिल्ह्यास तर या बाबतीत स्वतःची परंपरा आहे. यवतमाळच्या शारदाश्रमाने व य. खु. देशपांडे यांनी वऱ्हाडातील हस्तलिखितांचा, विशेषतः महानुभाव पंथाच्या पोथ्यांचा, जो शोध घेतला त्यावाचून प्राचीन मराठी गद्याचा इतिहास अपुरा राहिला असता.

महानुभावांच्या पोथ्यांचे उदाहरण येथे विशेष बोधक आहे. त्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या असत. विसाव्या शतकाच्या आरंभी या लिप्यांचा उलगडा होईपर्यंत पंथाबाहेरच्या वाचकास त्या पानांवर अर्थहीन चिन्हांखेरीज काही दिसत नव्हते. तेव्हा त्या पोथ्या कोणी रद्दीत टाकल्या असत्या तर लीळाचरित्रासारख्या ग्रंथाच्या किती प्रती आपण गमावल्या असत्या याचा विचार करावा. वाचता न येणे आणि निरुपयोगी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

पुसद परिसरात हा धोका कल्पित नाही. पैनगंगेपलीकडे माहूर हे महानुभाव व दत्तसंप्रदायाचे प्राचीन क्षेत्र आहे. वऱ्हाड निजामाच्या राज्यात होता व १८५३ च्या करारानंतर इंग्रजी कारभाराखाली आला. म्हणून येथील जुन्या घरांत फारसी, मोडी व इंग्रजी अशा तिन्ही प्रकारचे कागद आढळण्याचा संभव असतो. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून गेली. आज घरातील नातवास आजोबांच्या आजोबांचे खत वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही ते रद्दीच्या गठ्ठ्यात सहज जाते. कापसाच्या आडतीच्या वह्या, सावकारी खाती, गावच्या पाटील-कुलकर्ण्यांचे कागद यांतून पिकांचे भाव, दुष्काळातील कर्जे, कुळांची नावे कळतात. शेतकऱ्याच्या आर्थिक जीवनाचा इतिहास लिहावयाचा तर दुसरे साधन पुष्कळदा नसते.

म्हणून पुढील नियम पाळावेत. मोडी, फारसी किंवा अनोळखी लिपीतील एकही कागद भिजवू नये. हाताने लिहिलेल्या वह्या पन्नास वर्षांहून जुन्या असतील तर जाणत्यास दाखवल्यावाचून फाडू नयेत. शिक्का, मोर्तब, तिकीट असलेले कागद बाजूस काढावेत. गठ्ठा सोडताना कागदांचा क्रम मोडू नये, कारण कोणता कागद कोणाशेजारी होता यावरूनही इतिहासकारास पुष्कळ कळते. असे कागद जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागास किंवा संशोधन संस्थेस दाखवावेत. घरी ठेवावयाचे झाल्यास सुती रुमालात गुंडाळून ठेवावेत. आपली जुनी दफ्तरे रुमालांत बांधली जात, तीच रीत आजही योग्य आहे. चित्रवहीत जुन्या पत्राचा तुकडा हवाच असेल तर त्याची छायाप्रत डकवावी व मूळ पत्र जसेच्या तसे राहू द्यावे.

९. समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. टाकाऊ मालापासून केलेली वही तकलादू असलीच पाहिजे असे नाही. महाराष्ट्रातील जुना हातकागद टाकाऊ मालाचाच होता व तो टिकला. टिकाऊपणा अवलंबून असतो तो तंतूच्या जातीवर, आम्लाच्या अभावावर आणि दुरुस्ती करता येईल अशा बांधणीवर. पुसदसारख्या कापसाच्या मुलखात उत्तम तंतु, चुना, डिंक, काव व शिवणीचे कौशल्य ही सर्व सामग्री हाताशी आहे. हा उद्योग शाळांतून करण्यास मोठे भांडवल लागत नाही. मगनवाडीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, पुण्याची हातकागद संस्था आहे. शिक्षकांस या परंपरेचा परिचय करून घेणे अवघड नाही.

आणखी एक गोष्ट शाळांनी ध्यानात घ्यावी. मुलांना लगदा करण्यास शिकवण्यापूर्वी गठ्ठा निवडण्यास शिकवावे. कोणता कागद कुटावयाचा व कोणता राखावयाचा हे ज्याला कळले, त्याला कागदाची किंमत कळली. आज एखादी मुलगी चित्रवहीत पूस नदीचा पूर, बाजाराचा दिवस, आजीची वाकळ रेखाटून ठेवते. शंभर वर्षांनंतरच्या अभ्यासकास ते पान जुन्या बाडाइतकेच मोलाचे वाटण्याचा संभव आहे. ते पान तोवर टिकावे अशा रीतीने घडवणे आणि पूर्वीच्यांनी ठेवलेले पान आपल्या हातून कुटले जाणार नाही हे पाहणे, या दोन्ही गोष्टी चित्रवहीच्या शिक्षणात सारख्याच महत्त्वाच्या मानल्या पाहिजेत.